माणशी दोन काठ्या

"एकच काठी घे," रेनो फोनवर म्हणाला.

"का? दुसरीला काय ताप आलाय?"

"लेम्पे, उगाच वाकड्यात शिरू नकोस. तुझा एक हात चालत नाही. एका हाताला एक काठी. सरळ आहे की नाही?"

"मग तू तुझ्या एका तोंडानं चार माणसांचं कसं बोलतोस?" मी म्हटलं.

रेनो माझा थोरला भाऊ. लहानपणापासून त्याला वाटतं की जगात जे जे सरळ आहे ते त्याला आधी कळतं. मला यंदा झाडांची पानं पडायच्या दिवसांत अर्धांगाचा झटका आला. पाय महिन्या-दोन महिन्यांत वठणीवर आला, जीभ तर दवाखान्यात पहिल्याच दिवशी परत आली, ते नर्सला विचारा. डावा हात मात्र अजून रुसून बसलाय. बोटं मिटतात, पण पकडलेलं कधी सोडतील याचा नेम नाही. व्यायाम करून घेणारी एक पोरगी येते, ती लाल रबरी चेंडू दाबायला देते. मी तो भिंतीवर मारते.

"बरं, दुसरी गोष्ट," रेनो म्हणाला. आता तो खऱ्या मुद्द्यावर आला, हे मला त्याच्या खाकरण्यावरून कळलं. "ब्रेंट येतोय. त्याला बसायला एक भोक लागेल."

ब्रेंट म्हणजे त्याचा जावई. मिनिआपोलिसचा, शहरी. पोरगा वाईट नाही, पण हातमोजे इस्त्री करून घातल्यासारखे असतात.

"जावई तुझा," मी म्हटलं, "भोकही तुझंच दे."

"मग माझी एकच काठी राहील ना!"

"हो ना? कसं वाटतं ऐकायला?"

मी फोन ठेवला.

आता हे भोकांचं सांगायला हवं, नाहीतर म्हणाल म्हातारी दोन काठ्यांवरून एवढी का तडकली. पिट्का तळ्यावर आमचं मासे धरायचं खोपट आहे. बर्फ चांगला धरला की पिकअपला बांधून आत ओढत न्यायचं, मार्चमध्ये परत काढायचं. लाकडी फळ्या, पत्र्याची शेगडी, एक बाक आणि तळाच्या फळ्यांत चार भोकं. खालच्या बर्फाला त्याच जागी गिरमिटानं आरपार पाडलं की झालं. खोपट आमच्या बापानं बांधलं आणि नियमही त्यानंच घालून दिला. सरकार माणशी दोनच गळ पाण्यात सोडू देतं, म्हणजे दोनच काठ्या. बाप म्हणायचा, ज्याचे दोन्ही पाण्यात, तो खोपटाचा धनी. एकच काठी घेऊन आला, तो पाहुणा. पाहुण्याला ऊब आहे, वेलदोड्याचा पुल्ला पाव आहे, हरणाचं सॉसेज आहे. पण खोपट कुठं उभं करायचं, कधी काढायचं, कोणाला बोलवायचं यात पाहुण्यानं तोंड घालायचं नाही. आणि कॉफी पाहुण्यानं करायची.

आई जन्मभर एकच काठी घेऊन आली. जन्मभर तिनंच कॉफी केली.

तेव्हा खोपटात तीनच भोकं होती, दोन बापाची नि एक आईचं; बापाची दोन मागाहून रेनोकडे आली. मी पोरसवदा असताना एका सकाळी दोन काठ्या खांद्यावर टाकून बापाच्या मागे निघाले. रेनो हसून हसून बर्फावर लोळला. बाप हसला नाही. खोपटात गेल्यावर त्यानं करवत काढली आणि शेगडीजवळच्या फळ्यांत चौथं भोक कापलं. आईचं भोक नि हे नवं, दोन्ही मला दिली, आणि आई त्या दिवसापासून माझ्याशेजारी बसून माझ्याच भोकात गळ सोडायला लागली. ते चौथं भोक रेनोला आता जावयासाठी हवं होतं.

त्या रात्री जेवणानंतर मी सगळ्या काठ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडल्या. बर्फावरच्या काठ्या आखूड असतात, हातभर, लाटण्याहून थोड्या लांब. एक ताठ होती, हलवून हलवून मासा चिडवायची. एक मऊ शेंड्याची, भोकावर नुसती ठेवून द्यायची, म्हणजे बारकं जिवंत आमिष खाली आपलं आपण पोहत राहतं. महिनाभर मी या दोघींशी एका हातानं झटत होते. रिळाची मूठ काढून उलट्या बाजूला बसवली. काठी डाव्या काखेत दाबायची आणि उजव्या हातानं गुंडाळायचं. गाठ दातांनी. जमायचं, दहातले सातआठ वेळा.

उरलेल्या दोनतीन वेळांचं काय, हाच प्रश्न होता. खोटं कशाला बोलू, भीती वाटली. रेनोसमोर काठी हातातून सुटली, दोरीचा गुंता झाला, तर तो काही बोलणार नाही, नुसता बघेल. ते बघणं मला सोसलं नसतं. मी मऊ शेंड्याची उचलली आणि परत खुंटीला लावली. एकच घेऊन जाऊ, म्हटलं. यंदाच्या पुरतं. तब्येतीचं कारण आहे, कोण काय म्हणणार आहे?

मग अंथरुणात पडल्यावर डोळ्यांसमोर शेगडीवरची किटली आली. उठले आणि काठी खुंटीवरून काढली. तिसरीही घ्यावी, असं वाटलं, खबरदारी म्हणून, आणि थोडी रेनोला जाळायला म्हणूनही. पण जादाची काठी नेणं म्हणजे आपली एखादी हातची जाणार हे आपणच आधी कबूल केल्यासारखं. तिसरी तिथंच ठेवली. दोन म्हणजे दोन.

सकाळी रेनो पिकअप घेऊन आला. मी दारात दोन काठ्या, बादली आणि भोकातला बर्फ काढायचा झारा घेऊन उभी. त्यानं काठ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, सामान उचलून मागे टाकलं आणि गाडी सुरू केली.

"आणि ती?" मी म्हटलं.

"कुठली?"

"दाराला टेकून उभी आहे ती. तिला काय बस पकडायची आहे?"

"अगं, राहिली वाटतं," रेनो म्हणाला आणि खाली उतरला. मी बत्तीस पोरांची शाळेची बस अख्खं आयुष्य चालवली आहे. कोण चुकून विसरतं आणि कोण मुद्दाम विसरतं, मला आरशात बघून कळतं.

खोपटात पोचलो तर ब्रेंट आधीच येऊन बसलेला. शेगडी पेटवून, भोकावरची रात्रीची बर्फाची साय फोडून, माझ्या चौथ्या भोकाशी स्टूल टाकून. त्यानं उठून माझी बादली घेतली.

"लेम्पी आत्या, इथं बसू ना मी? पप्पा म्हणाले की..."

"पप्पा पुष्कळ म्हणतात. बाळा, ते माझं भोक आहे."

पोरगा लाल झाला आणि उठायला लागला. रेनोनं त्याचा खांदा दाबला. "बस तू. लेम्पे, नाटक पुरे झालं. तू दोन सांभाळणार कशी? एक काठी धरलीस आणि दुसरीला मासा लागला, तर काय तोंडानं धरशील?"

"लागलीच वेळ तर धरीन. दात माझे स्वतःचे आहेत. तुझ्यासारखे ग्लासात ठेवावे लागत नाहीत."

ब्रेंटनं खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीला बर्फ होता, दिसत काहीच नव्हतं.

रेनो चिडला की शांत होतो. "ठीक आहे," तो म्हणाला. "लाव दोन. पण आज दिवसभरात एकदा जरी दुसरी काठी तुझ्याच्यानं सांभाळली गेली नाही, तर ते भोक ब्रेंटचं. यंदाच्या पुरतं नाही, कायमचं. आणि मग रडायचं नाही."

"कबूल."

"आणि कॉफीही तूच."

"म्हटलं ना, कबूल!"

ब्रेंट बिचारा आपली काठी मांडीवर घेऊन बाकावर जाऊन बसला. कोणाच्या तरी भांडणात आपलं स्टूल गेलं, हे त्याला कळत होतं. रेनोनं आपल्या दोन काठ्या लावल्या. मी माझ्या दोन लावल्या. ताठ हातात, मऊ शेंड्याची लाकडी घोडीवर. खाली बारकं आमिष सोडलं, रिळाची कडी उघडी ठेवली. कडी उघडी ठेवली की मासा दोरी ओढत नेतो आणि काठी जागेवर राहते. इथल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

तासभर काही नाही. शेगडी तडतडत होती. रेनो मधूनमधून माझ्या डाव्या हाताकडे बघायचा, मी बघितलं की छताकडे बघायचा.

मग मऊ शेंडा वाकला. मी ताठ काठी वर घेऊन बादलीत उभी केली, दुसरी उचलली, कडी पाडली, काखेत दाबली आणि गुंडाळायला लागले. खाली चांगलं वजन होतं. ब्रेंट अर्धा उठला, रेनोनं त्याला डोळ्यांनीच बसवलं. दोरी ओली होऊन रिळावर कडकड वाजत होती, काख दुखायला लागली, आणि भोकातून वॉलआय मासा वर आला. हिरवट सोनेरी, चांगला जेवणाच्या ताटाएवढा! मी त्याला बुटाखाली धरलं, गळ काढला आणि बादलीत टाकला.

"तोंडानं धरावा नाही लागला," मी म्हटलं.

रेनो म्हणाला, "मासा मेलेला असणार आधीच."

"तुझ्या काठ्या तेवढ्या मेल्यात. बघ जरा, नाडी लागते का?"

ब्रेंट हसला आणि खोकल्यासारखं केलं. मला चेव आला. आमिष लावता लावता, गळ खाली सोडता सोडता माझं तोंड सुरूच होतं. बापानं तुला गिरमीट कसं धरायचं ते तीनदा शिकवलं, तरी तू बुटात भोक पाडलंस, ते सांगू का जावयाला? असं मी म्हणत होते. काठी घोडीवर ठेवली, रेनोकडे वळून बसले आणि कडी उघडायची राहून गेली. हाताचा यात काही संबंध नव्हता. उजव्या, धडधाकट हातानंच ठेवली होती. जिभेनं घात केला.

आवाज फारसा झाला नाही. घोडी उलटली, काहीतरी लाकडावर घसटत गेलं आणि डुबुक. वळून पाहते तर भोकात नुसतं काळं पाणी डुलत होतं. काठी गेली.

मला वाटलं रेनो आता टाळी वाजवील, नाचेल. त्यानं तसं केलं असतं तर बरं झालं असतं. तो उठून माझ्याशेजारी आला, खाली बसला आणि हळूच म्हणाला, "जाऊ दे गं. असू दे. एकीनंच कर आता. ऊब आहे, आम्ही आहोत. तू नुसती बसलीस तरी चालेल."

त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला असा संताप आला की काही विचारू नका. आईला हेच म्हणायचे सगळे. तू नुसती बस. आणि ती बसायची आणि शेगडीवर किटली ठेवायची.

"तुझ्या दोन्ही दोऱ्या वर घे," मी म्हटलं.

"काय?"

"दोऱ्या वर घे तुझ्या. माझी काठी खाली आहे. मी तिला शोधणार आहे. तुझ्या दोऱ्यांत गुंता होईल."

"लेम्पे, तळ केवढा खोल आहे! मासा केव्हाच घेऊन गेला असेल."

"पिट्का तळ्यावर कोणाचं काही खाली गेलं की बाकीचे दोऱ्या वर घेतात. बापाच्या वेळेपासून घेतात. तू घेणार नाहीस?"

कुरकुरत त्यानं दोन्ही दोऱ्या गुंडाळल्या आणि काठ्या भिंतीला टेकवून ठेवल्या. मी ताठ काठीला दातांनी नवी गाठ मारली, तीन काट्यांचा मोठा गळ बांधला, वर शिसं लावलं आणि तळापर्यंत सोडला. मग हळूहळू वर उचलायचा, बाजूला न्यायचा, परत सोडायचा. एका भोकातून झालं की दुसऱ्यातून. काही लागायचं नाही. गवत लागायचं. एकदा कोणाचा तरी जुना मोजा वर आला.

"आत्या, मी धरू का थोडा वेळ?" ब्रेंटनं विचारलं.

"तू शेगडीत लाकूड घाल."

त्यानं घातलं. रेनो घड्याळ बघायला लागला. माझा उजवा हात बधिर व्हायला आला होता, आणि तो गेला तर माझ्याकडे दुसरा नव्हता. चौथ्या भोकाशी मी परत सरकले. बापानं कापलेल्या फळीवर गुडघा टेकवला आणि सोडला गळ. उचलला, तर जड. अंग चोरून वर येणारं, गवतापेक्षा वेगळं जड.

काखेत दाबून मी गुंडाळत गेले. गळ पाण्याबाहेर आला आणि त्याच्या काट्यात माझीच दोरी अडकलेली! दोन टोकं खाली गेलेली. एक टोक मुकाट, सरळ खाली लोंबत होतं. दुसरं थडथडत होतं, भोकाच्या कडेला घासून इकडून तिकडे पळत होतं.

"मासा आहे अजून!" रेनो ओरडला. सगळा शहाणपणा विसरून तो गुडघ्यांवर आला. "मोठा आहे! ते टोक धर, ते हलतंय ते! थांब, मी धरतो."

"हात लावशील तर याद राख!"

"अगं, एका हातानं दोन टोकं कशी..."

"माझी मी बघते."

थडथडणारं टोक मी डाव्या बुटाखाली दाबलं. मुकं टोक उजव्या हातात घेतलं. ओढलं, उजव्या बुटाखाली दाबलं, पुढचं धरलं, परत ओढलं, परत दाबलं. ओल्या दोरीनं तळवा कापत होता.

"उलटं टोक ओढते आहेस!" रेनो अक्षरशः किंचाळला. "मासा तिकडे आहे, तिकडे! हे काठीचं टोक आहे!"

"माहीत आहे मला काठीचं आहे."

"मासा तुटेल अशानं! ढील दे त्याला!"

ढील द्यायला तिसरा पाय लागला असता. डाव्या बुटाखालची दोरी ताणली, वीणेच्या तारेसारखी वाजली आणि तट्‌कन तुटली. भोकातलं पाणी एकदा उसळलं. आतून लांबलचक ठिपकेदार पाठ वळली आणि गेली. पाईक, या तळ्यातला सगळ्यात दांडगा मासा. माझ्या मांडीएवढा जाड.

रेनोनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "गेला! बापाच्या नंतर एवढा कोणी काढला नव्हता. लेम्पे, तो पाईक होता!"

"होता."

मी ओढतच होते. ओढलं, दाबलं, धरलं. मग भोकात रिळाची मूठ दिसली, मग दांडा, मग तो मऊ शेंडा, सगळ्यातून पाणी गळतंय. मी काठी बाहेर काढून छातीशी धरली. मासे काय, तळ्यात ढिगानं आहेत. मला जे हवं होतं ते माझ्या मांडीवर होतं. मला रडू आलं. आलं तर आलं, कोणाची चोरी आहे?

डोळे पुसले आणि कामाला लागले. तुटक्या दोरीला दातांनी नवा गळ बांधला. ताठ काठीचा तीन काट्यांचा काढून तिचा नेहमीचा बांधला. दोघींना आमिष. एक या भोकात, एक त्या भोकात. मऊ शेंड्याची घोडीवर ठेवली आणि मोठ्यानं म्हटलं, "कडी उघडी." रेनोला ऐकू जावं म्हणून म्हटलं आणि मलाही.

"दिवसभरात एकदा जरी म्हणालो होतो मी," रेनो पुटपुटला. "काठी खाली गेलीच होती."

"गेली होती. कोणी सांभाळली?"

रेनो भिंतीकडे, आपल्या काठ्यांकडे हात करायला लागला.

"थांब," मी म्हटलं. "आता या घडीला दोन काठ्या पाण्यात कोणाच्या आहेत?"

"म्हणजे काय? तूच तर वर घ्यायला लावल्यास!"

"कोणाच्या आहेत, ते विचारतेय."

रेनोनं भोकांकडे पाहिलं. चारांपैकी दोन रिकामी, दोन माझी. त्याच्या काठ्या कोरड्या, ब्रेंटची कोरडी.

"तुझ्या," तो म्हणाला.

"मग कॉफी कोण करणार?"

ब्रेंट घाईघाईनं उठला, "मी करतो ना आत्या, मला येते."

"तू बस," मी आणि रेनो एकदमच म्हणालो.

रेनो उठला. गुडघे कुरकुरले त्याचे. किटली घेतली, बाहेर जाऊन बर्फ भरून आणला, शेगडीवर ठेवली. मग इकडे बघ, तिकडे बघ.

"कॉफीचा डबा कुठं असतो?"

"बाकाखाली. आईनं ठेवला होता तिथंच."

त्यानं वाकून डबा काढला. किती घालायची हे त्याला माहीत नव्हतं, पण विचारलं नाही. ओतली अंदाजानं. किटली गुणगुणायला लागली. ब्रेंट अजून काठी मांडीवर घेऊन बसला होता.

"पप्पा, मी मग कुठं बसू?"

रेनो शेगडीकडे तोंड करून उभा होता. पाठमोराच म्हणाला, "माझ्या डावीकडच्यावर बस."

ब्रेंटनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं स्टूल सरकवलं आणि रेनोच्या भोकात गळ सोडला.

रेनोनं तीन कपांत कॉफी ओतली. साखरेचा डबा उघडला आणि चमचा हातात धरून उभा राहिला. आम्ही दोघं म्हातारे झालो त्या खोपटात, पण मला काय हवं ते विचारायला थांबून माझ्याकडे बघायची त्याची पहिलीच वेळ.

"साखर किती घेतेस गं तू?"

मी जन्मात कधी कॉफीत साखर घातली नाही. आईला माहीत होतं.

"दोन," मी म्हटलं.

त्यानं दोन चमचे घातले, नीट ढवळलं आणि कप माझ्या उजव्या हातात दिला. भयंकर गोड होती. त्याच्याकडे बघत मी ती तळापर्यंत प्यायले.